पेल्व्हिक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची) तपासणी आणि उपचार शिकायचे आहेत, कोर्स कसा निवडावा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर, मान, गुडघे हेच रोजचं काम. पण कंबरदुखीसाठी येणाऱ्या बायकांना "खोकताना, शिंकताना कपडे ओले होतात का?" असं विचारायला लागले आणि एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. दार नीट लोटलंय ना हे बघून मगच बोलतात. कुणी बाळंतपणापासून सोसतंय, कुणाला अंग बाहेर आल्यासारखं वाटतं. एका काकूंनी लेकीकडे एसटीनं जाणंच सोडलंय, वाटेत बाथरूम मिळेल याचा भरवसा नाही म्हणून.

बीपीटीएचला (फिजिओथेरपीच्या पदवीला) हा विषय परीक्षेपुरता झाला. आतून तपासणी कशी करतात ते कुणी करून दाखवलं नाही. आता शनिवार-रविवारच्या ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सच्या जाहिराती सारख्या दिसतात. तेवढ्यावर पेशंट तपासावा का? क्लिनिकमधल्या दोघी ज्युनिअर मुलींनाही तयार करायचं आहे. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

रानजाई
ताई, ऑनलाइन कोर्स जरूर करा, पण तो शरीररचना, प्रश्नावली, ब्लॅडर डायरी (लघवीची रोजची नोंद) यासाठी. बोटाला काय लागतं ते पडद्यावर शिकता येत नाही. पैसे भरण्याआधी आयोजकांना स्पष्ट विचारा: आतून तपासणीचा सराव आहे का, तो नुसत्या प्लास्टिकच्या मॉडेलवर की माणसांवर, एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी, आणि कोर्स संपल्यावर केसवर चर्चा करायला कुणी असेल का. चांगल्या कोर्समध्ये सहभागी लेखी संमतीनं एकमेकींवर सराव करतात. ज्यांना स्वतःवर तपासणी नको असेल त्यांना नाही म्हणता आलंच पाहिजे. शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर तो कोर्स सोडा.

तपासणीत पहिलं काम डोळ्यांचं. पेशंट पाठीवर, गुडघे मुडपून, अंगावर चादर. "लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवल्यासारखं करा" म्हणायचं आणि बघायचं. पेरिनिअम (योनी आणि गुदद्वाराच्या मधला भाग) आत आणि वर जायला हवं. बऱ्याच जणी श्वास कोंडतात, ढुंगण आवळतात, नाहीतर खाली जोर देतात. मग खोकायला सांगायचं. त्यानंतर, पुन्हा विचारून, ग्लोव्ह आणि जेल लावून एक बोट. घड्याळ डोळ्यांपुढे ठेवा: १२ म्हणजे जघनास्थीची बाजू, ६ म्हणजे गुदद्वाराची. ४ आणि ८ च्या जागी लेव्हेटर (पेल्व्हिक फ्लोअरचा मुख्य स्नायू) हाताला लागतो. डावी-उजवी वेगळी तपासा, बाळंतपणात एकाच बाजूला इजा झालेली असू शकते.

नोंदीसाठी ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट जो लेकॉक यांची 'परफेक्ट' पद्धत शिका: ताकद ० ते ५, किती सेकंद धरता येतं, किती वेळा, आणि भराभर किती. पण मी शिकवताना सर्वात जास्त वेळ सोडण्यावर घालवते. आवळल्यावर स्नायू पूर्ण सैल होतो का, किती वेळ लावतो? संबंधांच्या वेळी दुखणं, कुंथूनही शौचाला साफ न होणं, लघवी अडखळत होणं, अशा तक्रारींत स्नायू मुळातच घट्ट असू शकतो. तिथे केगेलच्या, म्हणजे आवळण्याच्या व्यायामांचा छापील कागद हातात दिला तर दुखणं वाढतं. आधी पोटातला श्वास, सैल करणं, शौचाला बसण्याची पद्धत.

आणि कागदाचंच म्हणाल तर खुद्द अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले ते पेरिनिओमीटरसह, म्हणजे आकुंचन झालं की नाही ते बाईला आकड्यात दिसायचं. बम्प आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या अभ्यासात, नुसतं तोंडी समजावल्यावर ४७ पैकी निम्म्याच जणींना ते नीट जमलं, आणि साधारण चौथा हिस्सा गळती वाढेल अशा पद्धतीनं करत होता. म्हणून तपासायला शिकणं टाळता येत नाही.

घाटवाट
पुरुष पेशंट विसरू नका. प्रोस्टेट काढल्यावर कॅथेटर निघतो आणि माणूस पॅड लावून घरात बसून राहतो. ऑपरेशनच्या आधीच एकदा बोलावून व्यायाम शिकवले तर नंतर सोपं जातं. आतली तपासणी गुदमार्गे होते, पण बाहेरून किंवा पोटावरच्या सोनोग्राफीनंही बरंच कळतं. मी पुरुष थेरपिस्ट आहे. बाई पेशंट आली तर सहकारी बाईंकडे पाठवतो. तशी सोय नसेल तर पेशंटची इच्छा विचारून, खोलीत दुसरी बाई असतानाच. तुमच्या दोघी मुलींना हाही नियम पहिल्याच दिवशी सांगा.

डॉ. शेवंती
स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझी कळकळीची विनंती. लघवीतून रक्त, पाळी गेल्यावर रक्तस्राव, लघवी तुंबणं दिसलं तर आधी आमच्याकडे पाठवा. कंबरदुखीबरोबर जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर थेट इमर्जन्सी, एक दिवसही थांबू नका. जंतुसंसर्ग असताना किंवा बाळंतपण, ऑपरेशन नुकतंच झालं असताना आतून तपासू नका. गरोदर बाईला आमच्याशी बोलल्याशिवाय नाही. संबंध कधीच आलेले नसतील तर बाहेरून बघणं आणि सोनोग्राफी पुरे. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीत ताकदीचा आकडा, डायरी आणि काय दिलं ते असलं की मलाही पुढचं ठरवता येतं, पेसरी (आधारासाठी योनीत बसवायची रिंग) की आणखी थांबायचं.

अनामिक_बाळंतीण
मी पेशंट आहे, चालेल ना? टाक्यांच्या जागी दुखायचं, बसवत नव्हतं. एके ठिकाणी काही न सांगता तपासायला घेतलं. मी परत गेले नाही. नंतरच्या मॅडमनी आधी मॉडेलवर दाखवलं, "कधीही थांबा म्हणा, आज नको असेल तर आज नको" म्हणाल्या. पहिल्या दिवशी तपासणी झालीच नाही, नुसतं बोलणं झालं. तिथेच मी टिकले. तुमच्या मुलींना कृपया हे शिकवा.

कृष्णाकाठ
हे फार मोलाचं आहे, आभार. चिठ्ठीचा नमुना लगेच करून घेते. रानजाई, कोर्स होईपर्यंत आम्ही काय करू शकतो?

रानजाई
पुष्कळ. प्रत्येक नव्या पेशंटला ते दोन-तीन प्रश्न विचारा. तीन दिवसांची डायरी द्या: काय प्यायलं, किती लघवी झाली, कधी गळलं. चहा, पाणी, बद्धकोष्ठ यावर बोला. खोकायच्या आधी आवळून धरायला शिकवा, पण आवळणं जमतंय हे बाहेरून बघून झाल्यावरच. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनात देखरेखीखाली निदान तीन महिने व्यायाम, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं असं आहे. तेव्हा दोन आठवड्यांत फरक पडत नाही म्हणून कुणाला सोडू देऊ नका. कोर्सनंतर सुरुवातीच्या केसेस अनुभवी थेरपिस्टच्या शेजारी उभं राहून बघा, मग त्यांच्या समोर स्वतः करा. पुण्याला यायची तयारी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पेशंटची संमती असेल त्या दिवशी माझ्याकडे बसायला हरकत नाही. दोघींनाही आणा, एकावेळी एकीला.