मोबाइल असताना वेगळी बॅटरी (टॉर्च) आणि साधं घड्याळ कशाला? माझं मत: दोन्ही हवंच

बांधावरचा (मोहोळ)
सोलापूरच्या नवी पेठेत पोरं घड्याळ म्हटलं की थेट स्मार्टवॉच मागतात, आणि बॅटरी घे म्हटलं तर 'मोबाइलला आहे की' म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडं शेतीपंपाची लाइट पाळीपाळीनं रात्री येते. उसाला पाणी धरताना एका हातात खोरं, दुसऱ्या हातात उजेड. मोबाइलचा उजेड पायापुरता पसरतो, पुढचं काही दिसत नाही. घोणस पाचोळ्याच्या रंगाची, मण्यार तर रात्रीच फिरणारी. ओल्या हातातून मोबाइल पाटात पडला की उजेड जातो आणि कुणाला हाक मारायची सोयही जाते. घड्याळही असं हवं की चार्जिंग विसरून जावं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून मिळतंय, सेल ७ वर्षांच्या आसपास जातो.

रात्रपाळी
दादा, शेतातलं मान्य, पण सगळ्यांना तेच कसं लागू करता? मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला आहे. खडखडाटात मोबाइल वाजलेला ऐकूच येत नाही. स्मार्टवॉच मनगटावर थरथरलं की कळतं, घरून फोन आलाय. आईला शुगर आहे, रात्री-अपरात्री फोन येतो. तुमचं सात वर्षांचं घड्याळ मला हे सांगणार आहे का? चार्जिंग जेवणाच्या सुट्टीत होतं.

बांधावरचा (मोहोळ)
आईसाठी असेल तर जरूर घाला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. बॅटरीचं मात्र सोडणार नाही.

लुमेन-कँडेला
बॅटरी घेताना खोक्यावरच्या लुमेनवर जाऊ नका. लुमेन म्हणजे एकूण उजेड. झोत किती लांब जाईल ते कँडेलावर, म्हणजे एका दिशेनं उजेड किती जोरात जातो त्यावर ठरतं. शिवाय प्रमाणित मोजणीत अंतर धरतात ते ०.२५ लक्सपर्यंत (लक्स म्हणजे समोरच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतकं. २०० मीटर लिहिलं असेल तर १०० मीटरवर चौपट उजेड मिळतो, तरी तो १ लक्सच. बांधावर साप ओळखायचा तर छापील अंतराच्या बरंच अलीकडचं धरा. चार्जिंगचा १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) असलेली घ्या.

किराणा गल्ली
इथं विरोध आहे. चार्जिंगची बॅटरी लाइट गेल्यावर संपली तर काय करणार? पेन्सिल सेल कुठल्याही वाडीवरच्या दुकानात मिळतो.

लुमेन-कँडेला
मिळतो, पण आत विसरला की पाझरतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. वापरात नसेल तेव्हा काढून ठेवा. लिथियमचा सेल मात्र सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत नको. उन्हात डिकी बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि सेलचं आयुष्य घटतं.

हुतात्मा चौकातली
तुम्ही सगळे खिसा गृहीत धरून बोलताय. माझ्या पंजाबी ड्रेसला खिसाच नाही. हातभर लांब बॅटरी कुठं ठेवू? किल्लीच्या जुडग्याला अंगठ्याएवढी लावलीय. जिन्यातला बल्ब गेला की कुलपाचं भोक दिसतं, तेवढं पुरतं. आणि घड्याळाच्या मागं '३० मीटर' लिहिलंय म्हणून पोरांना ते घालून विहिरीत उतरू देऊ नका. ते पाऊस आणि हात धुण्यापुरतं असतं. पोहायला निदान १०० मीटरचं बघा.

बांधावरचा (मोहोळ)
ताई, जिन्याला ती पुरेल, शेताला नाही. १०० मीटरचं मात्र बरोबर. पोराला तसलंच बघतो.