बाराव्या फ्रेटवर सूर चढतो: स्वस्त प्रवासी गिटार घरच्या घरी सुरात आणता येईल का?

धंतोलीकर

नमस्कार. नोकरीमुळे महिन्यातून दोनदा नागपूर ते पुणे असा रात्रभराचा प्रवास करावा लागतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी पोलादी तारांची एक लहान, स्वस्त गिटार घेतली. तिचा आवाज मला मनापासून आवडतो. अडचण अशी की मोकळ्या तारा अचूक लावल्या तरी हात वर सरकू लागला की सूर चढत जातो.

क्लिप ट्यूनर (सूर मोजणारे छोटे यंत्र) लावून बाराव्या फ्रेटवरचे (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचे धातूचे पडदे) सूर तपासले, तेव्हा जाड ईपासून बारीक ईपर्यंत (ई, ए, डी, जी, बी, ई या तारांवर) ते अनुक्रमे १४, १०, ८, ७, १२ आणि ५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढे निघाले. पहिल्या फ्रेटवरचा एफ हा सूर तर १८ सेंट चढा आहे. नटपासून (डोक्याकडची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत २९२ मिमी अंतर भरते, तर तिथून सॅडलपर्यंत (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बारीक ईखाली २९३ आणि जाड ईखाली २९४ मिमी. बाराव्या फ्रेटवर जाड ई ३.५ मिमी उंच आहे. सॅडल प्लास्टिकचे, सरळ आणि ३ मिमी जाड आहे. ब्रिज (सॅडल बसवलेला, फळ्यावर चिकटवलेला लाकडी तुकडा) उखडून मागे चिकटवावा, असे एका परिचिताने सुचवले आहे. तो मार्ग योग्य आहे का?

लाकूड आणि तार

ब्रिजला कृपया हात लावू नका. आपण मोजमापे दिलीत हे फार चांगले केले, कारण आपल्या गिटारमध्ये एकच दोष नसून तीन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत हे त्यांवरून स्पष्ट दिसते, आणि त्यांपैकी दोन कानस व पॉलिश पेपरने दूर होण्यासारखे आहेत.

बाराव्या फ्रेटवर दाबलेल्या तारेने मोकळ्या तारेच्या नेमका दुप्पट कंपनांचा सूर द्यावा, अशी अपेक्षा असते. परंतु दाबताना तार किंचित ताणली जाते, शिवाय जाड तारेला स्वतःचा ताठपणाही असतो, म्हणून दाबलेला सूर नेहमी थोडा चढतो आणि त्याची भरपाई करण्यासाठी सॅडल गणिती जागेच्या थोडे मागे ठेवतात. आपल्या गिटारवर ही भरपाई जेमतेम १ ते २ मिमी आहे, जाड ईला ती ४ मिमीच्या आसपास हवी होती. त्यातच आपली तार ५८४ मिमीची, म्हणजे नेहमीच्या ६४८ मिमीपेक्षा बरीच आखूड असल्यामुळे त्याच जाडीच्या तारेवर ताण सुमारे एक पंचमांशाने कमी राहतो आणि बोटाचा जोर थोडा वाढला तरी सूर हलतो.

सर्वप्रथम तारा बदला. फ्रेटच्या जागी झिजलेली, गंजलेली तार कोणत्याही सॅडलवर खरा सूर देत नाही. गिटार मुळात पोलादी तारांसाठी बनवलेली असल्याने १० ऐवजी ११ चा संच (हा आकडा बारीक ईच्या जाडीचा, हजारांश इंचात) घालायला हरकत नाही, त्यामुळे तारांचा ढिलेपणाही कमी होईल.

त्यानंतर नटकडे वळा, कारण तो १८ सेंट चढा एफ बहुतांशी नटमुळेच येत आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. ती कागदाच्या जाडीइतकी असावी. जास्त असेल तर खाच खोल करावी लागेल. नटच्या खास कानशी महाग असतात, पण गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करण्यासाठी मिळणारा खरखरीत सुयांचा संच हे काम नीट करतो. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी करा. सुई डोक्याच्या बाजूला किंचित उतरती धरा, म्हणजे तारेचा टेकू फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच राहील. दर चार-पाच घासण्यांनंतर तार पुन्हा सुरात लावून तपासा. चुकून खाच जास्त खोल गेली, तर खाण्याचा सोडा भरून त्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडावा आणि पूर्ण घट्ट झाल्यावर पुन्हा घासावे.

आता सॅडल. मूळ सॅडल तसेच जपून ठेवा आणि हाडाच्या कोऱ्या सॅडलवर काम करा. बाराव्या फ्रेटवरची उंची १ मिमी कमी करायची असेल, तर सॅडल २ मिमी कमी करावे लागते. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सॅडलचा तळ सपाट घासा. जाड ईखाली २.५ आणि बारीक ईखाली २ मिमी राहिले की थांबा. एवढ्यानेच चढेपणा काही सेंटने उतरेल, कारण तारेला आता कमी अंतर खाली जावे लागेल.

शेवटी टेकूची जागा. आपल्या लांबीच्या तारेवर टेकू १ मिमी मागे नेला, तर बाराव्या फ्रेटवरचा सूर सुमारे ३ सेंट उतरतो. सॅडल ३ मिमी जाड आणि टेकू सध्या मध्यावर, म्हणून माथा मागे नेऊन फार तर ४ सेंट मिळतील. जाड ईचे १४ सेंट पूर्ण घालवायचे तर साडेचार मिमीहून अधिक जागा लागली असती. म्हणून पाचेक सेंटचा फरक उरेल हे आधीच मान्य करा. कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) वाजवताना तो क्वचितच खटकतो. घासण्यापूर्वी जुन्या बारीक तारेचा छोटा तुकडा सॅडलवर, तारेखाली आडवा ठेवून चिमट्याने मागेपुढे सरकवा आणि सूर जुळेल तिथे पेन्सिलीने खूण करा. बारीक ईचा टेकू पुढे, बीचा मागे, जीचा पुन्हा पुढे आणि तिथून जाड ईपर्यंत क्रमाने मागे, असा आकार साधारणपणे तयार होतो.

गायनाची विद्यार्थिनी

वरील उत्तराला एक पुरवणी जोडावीशी वाटते. दुरुस्ती चालू असताना कॉर्ड गोड लागते की नाही, यावर विसंबू नये. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, तर गिटारचे पडदे समान अंतराच्या सप्तकावर बसवलेले असल्याने तिथला गंधार ४०० सेंटवर येतो. हा १४ सेंटचा फरक कोणत्याही सॅडलने जात नाही. ‘जी’ (G) या कॉर्डमध्ये बीची तार गंधार असते; ती कॉर्ड कानाला गोड लागावी म्हणून बीची तार उतरवली, तर ई कॉर्डमध्ये तीच तार पंचम असल्यामुळे बेसूर लागते आणि दोष निष्कारण गिटारवर येतो. मी स्वतः घरात अखंड तानपुरा ऐकत वाढले, त्यामुळे या गंधाराशी जुळवून घ्यायला मला बराच काळ लागला. माप मात्र ट्यूनरवरच घ्यावे.

महाल, नागपूर

मोजमापे घेण्यापूर्वी गिटार दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात कूलरच्या खोलीत दमट हवा असते आणि शेजारच्याच खोलीत लाकूड कोरडे पडते. दमट हवेत गिटारचा वरचा फळा फुगून तारा उंच होतात, कोरड्या हवेत तो बसतो. कूलरसमोर घासलेले सॅडल हिवाळ्यात इतके खाली येते की तारा फ्रेटवर खरखरू लागतात. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार कधीही ठेवू नका, ब्रिजचा डिंक सैल होतो.

धंतोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार लावून, सांगितलेल्या क्रमानेच काम केले. नटमध्ये डीची खाच जास्त खोल गेली आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरू लागली, पण सोडा आणि फेव्हिक्विकचा उपाय पहिल्याच प्रयत्नात जमला. एफ आता ४ सेंट चढा आहे. बाराव्या फ्रेटवरचे नवे आकडे जाड ईपासून ६, ४, ३, ३, ५ आणि १ असे आहेत. सर्वांत मोठा फरक नटच्या कामाने पडला. सॅडल घासण्याआधीच सुरुवातीच्या तीन फ्रेटवरच्या कॉर्ड ओळखू न येण्याइतक्या सुधारल्या होत्या. जुने सॅडल पिशवीच्या कप्प्यात ठेवले आहे आणि हे आकडे कागदावर लिहून त्यासोबत जोडले आहेत, म्हणजे पावसाळ्यात तारा वर आल्या तर ताडून पाहता येईल.