मदत हवी आहे: टेकडीवरचं श्रमदान अर्ध्यावर अडलं

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाशेजारच्या टेकडीवर आम्ही सलग समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीतले लांब चर खोदतोय. सुरुवातीला पहाटे 40 जण यायचे, आता 9. वरून मे महिन्याचं ऊन, मुरमाखाली काळा दगड. टिकास मारली की ठिणगी उडते. त्यात मागच्या आठवड्यात अवकाळी पावसानं चार चर बुजवले. पोरं म्हणाली, "भाऊ, मातीत गेलं सारं."

मी गटप्रमुख, तेही हजेरीची वही माझ्याकडे होती म्हणून! चिडून न येणाऱ्यांची नावं पारावर वाचली. चूकच झाली, दुसऱ्या दिवशी आणखी तिघं गळाले. मग हिशेब मांडला: 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल, 10 मीटर लांब चर एकदा भरला की 1,800 लिटर पाणी. ते ऐकून एक आजोबा फावडं घेऊन आले, पोरं नाही.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वानुमते होतात, तसं सगळ्यांना बसवून विचारू का? की रोजचं काम कमी करू? मृग लागायला तीन आठवडे उरलेत. कोणी असा गळालेला गट पुन्हा उभा केला असेल, तर पहिल्या दिवशी नेमकं काय केलं ते सांगा राजेहो.