मदत हवी आहे: रोटरी इंजिन २० इंचांवर अडखळतंय, पेट्रोल वाढवलं तरी मीटर लीनच दाखवतो

खटपट्या
तीन शनिवार-रविवार यातच गेले, आता डोकं चालेनासं झालंय. घरी बांधलेलं दोन सीटचं विमान, इंजिन रोटरी. पहिल्या झटक्यात सुरू होतं, आयडल ठीक, हळूहळू थ्रॉटल दिला की मस्त चढतं. मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) पाऱ्याच्या २० इंचांच्या आसपास आलं की मात्र धाडधाड सुरू. एक्झॉस्टमधून फटाके फुटतात आणि सगळं विमान इतकं हादरतं की पॅनेलवरचे आकडे वाचता येत नाहीत. मिक्श्चर मीटर (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग ते दाखवणारा) १२.८ वरून एकदम १७ च्या पुढे जातो. लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे म्हणून त्या भागात पेट्रोल १० टक्के वाढवलं. फरक नाही. मग २० टक्के. उलट जास्तच बिघडलं. अजून किती वाढवू? कुणाकडे नीट चालणारा मॅप (कुठे किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) असेल तर नुसते आकडे टाका, मी भरून घेतो. लेक्चर नको, प्लीज.

तेलकट हात
नुसते आकडे टाका म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचायला बसल्यासारखं आहे. इंजिन कुठलं? कंट्रोलर कुठला, इंजेक्टर किती, गिअरबॉक्सचा रेशो काय, पंखा फिक्स्ड आहे की पिच बदलणारा? पेट्रोल कुठलं? आणि हे सगळं जमिनीवर होतंय की हवेत?

शिवाय, पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल घालताय ना? मी लिटरला ८ मिली घालतो, तेलाचा मीटरिंग पंप केव्हाच काढून टाकलाय. रोटरच्या टोकांवरच्या ॲपेक्स सीलना स्वच्छ तेल मिळतं. ते घालत नसाल तर आधी ते सुरू करा.

खटपट्या
तेल घालतोय, पण प्रश्न तो नाही. माझदा १३बी, टर्बो नाही. रेडक्शन २.८५, पंखा फिक्स्ड, लाकडी. जमिनीवरच, अजून उडालेलं नाही. पेट्रोल कधी गाडीचं, कधी एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल), जे कॅनमध्ये असेल ते.

इतिहासप्रेमी
रोटरी इंजिनांवर मराठीत कुणीतरी लिहितंय हे पाहून आनंद झाला! या इंजिनांत क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला असायचा आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं. नोम, ल रोन, क्लेर्जे ही त्यातली गाजलेली नावं. पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ कॅमल याच जातीच्या इंजिनावर उडायचं. तेल म्हणून एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. ते सगळं एक्झॉस्टमधून वैमानिकाच्या तोंडावर यायचं, त्यामुळे पोटाचं काय होत असेल ते सांगायला नको. ट्यूनिंगचं म्हणाल तर उतरताना थ्रॉटलपेक्षा स्टिकवरच्या बटणाने स्पार्क तोडून वेग आवरायचे. तुमच्याकडे ते बटण आहे का?

खटपट्या
अहो काका, ते इंजिन वेगळं. हे वान्केल. यात त्रिकोणी रोटर असतो.

इतिहासप्रेमी
नाव तर तेच आहे.

जुना पाना
नावाचा घोळ आहे खरा. आणि काकांच्या बाजूने एक गंमत सांगतो: १९५७ मध्ये एनएसयूत जे पहिलं वान्केल चाललं, त्यात रोटरबरोबर बाहेरचं घरसुद्धा फिरायचं. पुढे घर स्थिर ठेवलेली रचना आली आणि आपण वापरतो ती त्यातूनच निघाली. असो.

खटपट्या, पेट्रोल आता वाढवू नका. आधी सांगा, धाडधाड सुरू झाली की ईजीटी (एक्झॉस्टच्या धुराचं तापमान) वर जातं की खाली? आणि एक्झॉस्टजवळ उभ्या असलेल्या माणसाला कसला वास येतो?

उंटावरचा शहाणा
हे असलं काही करत बसण्यापेक्षा इंजेक्शन काढा आणि एक चांगला कार्ब्युरेटर बसवा. ना कंट्रोलर, ना मॅप, ना लॅपटॉप. मी अकरा वर्षं कार्ब्युरेटरवर उडतोय. वीज गेली तर तुमचा पंप बंद, इंजेक्टर बंद, इंजिन बंद.

तेलकट हात
वीज गेली तर तुमचंही इग्निशन बंदच होणार ना साहेब? १३बीला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारा) नसतो. आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला की मग कुणाला फोन करता?

उंटावरचा शहाणा
कार्ब हीट नावाची गोष्ट असते. अकरा वर्षांत एकदाही बंद पडलेलं नाही.

तेलकट हात
मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलं होतं की फ्लोट चिकटला म्हणून शेतात उतरलात.

उंटावरचा शहाणा
इंजिन चालूच होतं. फक्त पॉवर नव्हती.

वारा प्यालेला
दोघेही हलके घ्या. माझं म्हणणं वेगळंच आहे. जमिनीवर कितीही जुळवलं तरी हवेत ते जसंच्या तसं लागू पडत नाही. फिक्स्ड पंख्याला लागणारी पॉवर आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मॅपच्या अख्ख्या तक्त्यातून तुमचं इंजिन एकाच तिरक्या रेषेवरून जातं, बाकीचे रकाने कोरेच. हवेत वेग आला की पंखा हलका होतो, त्याच २० इंचांना आरपीएम बरेच वर जातात आणि रेषाही सरकते. त्यामुळे एका रकान्यापायी तीन आठवडे घालवू नका.

जुना पाना
म्हणणं बरोबर, पण सल्ला धोक्याचा. जे इंजिन जमिनीवर २० इंचांवर धाडधाड करतं ते टेकऑफला तिथूनच वर जाणार आहे. उतरताना गो-अराउंडची (उतरणं सोडून परत वर जायची) वेळ आली तरी तिथूनच. हे मिटेपर्यंत चाकं जमिनीवरच.

खटपट्या
@जुना पाना, ईजीटी दोन्ही रोटरचं खाली पडतं. ९०० च्या आसपास असतं, तिथून ८०० च्या खाली. वास कच्च्या पेट्रोलचा, डोळे चुरचुरतात. भाऊ म्हणतो की काल ज्वाळा दिसली. पण मीटर १७ दाखवतोय!! मग रिच (पेट्रोल जास्त) कसं असेल?

जुना पाना
तुमचा मीटर पेट्रोल मोजत नाही. तो धुरातला ऑक्सिजन बघून हिशेब करतो. चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) पेटलाच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मीटर म्हणतो ‘लीन’. तुम्ही पेट्रोल वाढवता, प्लग आणखी ओला होतो, आणखी मिसफायर, मीटर आणखी लीन. तीन आठवडे तुम्ही या चक्रात फिरताय. १७ हा मिक्श्चरचा आकडा नाहीच, तो मिसफायरचा आहे.

आता पुढच्या रनच्या आधी:
वाढवलेलं २० टक्के काढा, मूळ मॅप परत भरा. चारही प्लग काढून बघा, लीडिंग (आधी ठिणगी देणारे) दोन विशेष नीट. सेन्सर बाहेर काढून मोकळ्या हवेत काय दाखवतो तेही बघा. कॅनमधलं एव्हगॅस जर १००एलएल असेल तर त्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं आणि ते या सेन्सरना हळूहळू मारतं.

चक्रधर
एक्झॉस्टचा सांधाही बघा. सेन्सरच्या अलीकडे बारीक फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर लीन दाखवतो. माझं असं झालं होतं. सांध्यावर काजळीची बारीक रेघ दिसते. इंजिन थंड असताना टॉर्च मारून बघा.

खटपट्या
रिपोर्ट. सेन्सर मोकळ्या हवेत बरोबर दाखवतोय. सांधे ठीक, रेघ नाही. लीडिंग प्लग दोन्ही काळेकुट्ट, मागच्या रोटरचा तर चक्क ओला, बोट लावलं की शाई लागल्यासारखी काजळी. ट्रेलिंग त्या मानाने बरे. चारही नवीन घातले, मूळ मॅप भरला. १८ इंचांपर्यंत लोण्यासारखं. २० ला परत तेच. पूर्वीइतकं नाही, पण दचका बसतोच. इग्निशनही बघितलं: नुसतं लीडिंग बंद केलं की आरपीएम चांगलेच पडतात, नुसतं ट्रेलिंग बंद केलं की किंचित. म्हणजे दोन्ही चालू आहेत. आता?

जुना पाना
सेकंडरी इंजेक्टर, म्हणजे जास्त पॉवरला प्रायमरींच्या जोडीला येणारे दोन, किती इंचांना सुरू होतात?

खटपट्या
२०.

जुना पाना
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

खटपट्या
मला वाटलं सगळ्यांचेच तेवढ्याला सुरू होतात.

जुना पाना
बरं. एक सोपी चाचणी. तो आकडा २० वरून २३ वर न्या. तेवढ्याला प्रायमरी दोघंच पुरतील, त्यांचा ड्यूटी सायकल (एकूण वेळात इंजेक्टर उघडा राहण्याचा वाटा) टोकाला जाणार नाही. मग हळूहळू थ्रॉटल द्या. दचका २० लाच राहिला तर इग्निशन किंवा मॅपचा रकाना. दचका २३ वर गेला तर सेकंडरीच. शेपूट दोरीने बांधा, चाकांना ओंडके लावा, भावाला पंख्याच्या रेषेत उभं करू नका.

इतिहासप्रेमी
आमच्या काळी मॉडेल विमानांच्या इंजिनात एरंडेल चालायचं. वासच वेगळा.

खटपट्या
दचका २३ वर गेला!!! २० वरून लोण्यासारखं पुढे गेलं आणि बरोब्बर २३ ला धाड. पण सेकंडरी खराब कसे असतील, मागच्या महिन्यातच बदललेत.

तेलकट हात
काय बदललेत?

खटपट्या
सेकंडरी इंजेक्टर. जुन्यातला एक गळत होता म्हणून दोन्ही काढून दुसऱ्या गाडीचे बसवले. फ्लो तोच, मिनिटाला ४६० सीसी. म्हणून लिहिलं नाही.

जुना पाना
🙏

फ्लो तोच असला तरी उघडायला लागणारा वेळ वेगळा असतो. हिशेब बघा, आकडे तुमचे नाहीत, समजण्यापुरते घेतलेत. समजा रोटरला दर फेऱ्याला ५ मिलिसेकंद पेट्रोल हवंय. सेकंडरी सुरू झाले की कंट्रोलर त्याचे दोन भाग करतो, २.५ प्रायमरीला, २.५ सेकंडरीला. प्रत्येकात डेड टाइम मिळवतो, म्हणजे सिग्नल मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो वेळ वाया जातो तो. तुमच्या कंट्रोलरमध्ये जुन्या इंजेक्टरचा ०.६ भरलेला असेल. नव्यांना १.४ लागत असेल तर सेकंडरीतून २.५ ऐवजी १.७ चंच पेट्रोल येणार. बेरीज ५ ऐवजी ४.२, म्हणजे १६ टक्के कमी. १२.८ चं मिक्श्चर एका क्षणात १५.२ वर. त्यात सेकंडरी इनटेकमध्ये बरेच वर बसलेले, सुरुवातीचं थोडं पेट्रोल नळीच्या कोरड्या भिंती ओल्या करण्यात जातं. त्या क्षणी आणखी लीन. बसला दचका. मग तुम्ही वरून २० टक्के ओतलंत आणि प्लग बुडवलेत.

पूर्ण थ्रॉटलला पल्स लांब असते म्हणून तिथे तेवढाच ०.८ चा तोटा प्रमाणात कमी दिसतो. तुमचं इंजिन वर गेल्यावर बरं चालत असेल बघा.

खटपट्या
हो!! २४ च्या पुढे बरं चालतं. तेही लिहायचं राहिलं.

उंटावरचा शहाणा
कार्ब्युरेटरला डेड टाइम नसतो.

वारा प्यालेला
@जुना पाना, मग सेकंडरी कायमचे बंदच ठेवायचे ना. साधं इंजिन, चार इंजेक्टर कशाला?

जुना पाना
पूर्ण पॉवरला दोनच इंजेक्टरवर ड्यूटी सायकल टोकाला जाईल आणि ऐन टेकऑफला मिक्श्चर लीन होईल. तिथला लीन दचक्यावर थांबत नाही, डिटोनेशन होतं (मिश्रण एकदम भडकतं) आणि ॲपेक्स सील तुटतं. सीलचा तुकडा एक्झॉस्टमधून जाताना काय काय ओरबाडतो ते एकदा इंजिन उघडून पाहिलंय, परत बघायची इच्छा नाही.

खटपट्या, दोन मार्ग. जुन्यांपैकी गळणारा दुरुस्त करून तेच परत बसवा. नाहीतर नव्यांचा डेड टाइम मोजून घ्या, जो बेंचवर इंजेक्टर साफ करतो तो मोजून देऊ शकेल. तुमच्या फ्युएल प्रेशरला आणि १४ व्होल्टला मोजायला सांगा. व्होल्टेज कमी झालं की तो वेळ वाढतो. कंट्रोलरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीसाठी वेगळा आकडा भरता येतो का ते बघा.

खटपट्या
वेगळा भरता येत नाही, एकच रकाना आहे. सेकंडरीसाठी टक्क्यांत ट्रिम आहे फक्त.

जुना पाना
मग ट्रिमने एकाच जागी जुळेल, बाकी ठिकाणी चुकेल. लहान पल्सला कमी पडेल, मोठ्याला जास्त होईल. जुनेच परत बसवा.

खटपट्या
जुने साफ करून, ओ-रिंग बदलून बसवले. गळत नाहीत. सुरू व्हायचा आकडा परत २० वर. आज चार वेळा शून्य ते पूर्ण थ्रॉटल, चारही वेळा सरळ. २० ला मीटर क्षणभर १३.५ ला जाऊन परत १२.८ वर येतो, कानाला काही कळत नाही. झटकन थ्रॉटल दिला तर मात्र बारीकशी उचकी लागते. ती नंतर बघतो. @जुना पाना, धन्यवाद. लेक्चर नको म्हणालो होतो त्याबद्दल माफी.

एक नवीन प्रश्न: आज रननंतर सायलेन्सरमध्ये काहीतरी खुळखुळतंय. आतली जाळी सुटली असेल का? साध्या पत्र्याचा आहे.

तेलकट हात
साधा पत्रा, आणि आत तीन आठवडे फटाके फोडलेत. सुटली नसती तरच नवल. काढा तो, सुटलेला तुकडा तोंडाशी अडकला तर पॉवर जाईल. यासाठी नवीन धागा काढा, आणि या वेळी पत्रा किती जाडीचा, वेल्डिंग कसलं, सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.

नवशिक्या
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण प्लग बदलून पाहिलेत का?