खोलीकरण झालेल्या नाल्यात मासे परत आणायचे आहेत : ट्राउटच्या ओढ्याची पद्धत चालेल का?

गाढवीकाठ
तालुका अर्जुनी मोरगाव. नाला गाढवी नदीला मिळतो, रुंदी साधारण 6 मीटर. खोलीकरणात पोकलेनने तळ सपाट आणि काठ सरळ करून टाकले. पाणी आता घोट्याएवढं पसरतं आणि मार्चमध्ये आटतं. वाम, मरळ हे मासे दिसेनासे झाले. थंड प्रदेशात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी ओढ्यात खडी टाकतात, ओंडके रोवतात. इथे तसं करावं का? ग्रामपंचायत दगड आणि ट्रॅक्टर द्यायला तयार आहे.

मुरूमदगड
खडीवर पैसा घालू नका. ट्राउटची मादी खडीत खळगा करून अंडी पुरते. खडीतून वाहणारं थंड पाणी त्यांना प्राणवायू देतं, गाळ बसला की अंडी मरतात. म्हणून तिथे खडी जपतात. आपली अडचण एप्रिल-मे काढण्याची आहे. त्यासाठी डोह हवेत.

त्यांच्याकडून घ्यायचं ते ओढ्याचं रूप. नैसर्गिक ओढ्यात रुंदीच्या 5 ते 7 पटींवर एकेक डोह येतो, म्हणजे तुमच्याकडे 30 ते 42 मीटरवर. वळण असेल तर डोह बाहेरच्या काठाशी घ्या. जुने डोह कुठे होते ते गावातल्या ढिवर (मासेमार) म्हाताऱ्यांना विचारा, त्याच जागा धरा. खोली उन्हाळी पाण्याच्या पातळीखाली दीड-दोन मीटर. खोदताना चिकणमातीचा थर लागला तर तिथेच थांबा. तो फोडून खाली वाळू किंवा मुरूम उघडा पडला की डोहातलं पाणी जिरून जातं.

दोन डोहांच्या मध्ये दगडी उथळ बांधा, म्हणजे ज्यावरून पाणी पातळ वाहतं असा दगडांचा आडवा पट्टा. 20-30 सेंमीचे दगड, माथ्यावर 40-50 सेंमीचे, एक तृतीयांश तळात गाडलेले. उथळाचा मध्यभाग त्याच्या दोन्ही टोकांपेक्षा 15-20 सेंमी खाली ठेवा. खालच्या बाजूचा उतार 1:20, म्हणजे 20 मीटर लांबीत 1 मीटर.

नालापाहणी
वरच्या उत्तरात दोन गोष्टी राहिल्या. नुसते मोठे दगड रचले तर हिवाळ्यातलं पाणी दगडांखालूनच जातं आणि उथळ कोरडं पडतं. फटींत मुरूम-माती ठासा. दुसरं, उथळाची दोन्ही टोकं काठात किमान 1 मीटर शिरवा. नाही शिरवली तर पूर बाजूने काठ कापतो आणि दगड मध्ये बेटासारखे उरतात. बहुतेक कामं इथेच फसतात.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. मे महिन्यात उरलेसुरले मासे शेवटच्या डबक्यांत असतात, तिथे मशीन उतरवणं म्हणजे बियाणंच संपवणं.

करंजसावली
सावलीशिवाय डोह तापतो, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पश्चिम आणि दक्षिण काठाला करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर लावा. पाण्यालगत वाळुंजाच्या फांद्या रोवा, वर वाळ्याचे ठोंब 15 सेंमीवर. बेशरमाची झुडपं मात्र मुळासकट काढा.

वाळलेले ओंडके चालतील, पण लांबीचा तिसरा हिस्सा काठात गाडलेला हवा. मोकळा ओंडका पुरात जाऊन रपट्याच्या (नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या) नळ्यांत अडकतो.

आणि नदीपर्यंत चालत जाऊन अडथळे मोजा. सिमेंटच्या बांधाखाली किंवा रपट्याखाली पाणी उंचावरून पडत असेल तर पहिल्या पुरात वर चढणारे मासे तिथेच थांबतात. खालून दगडांचा 1:20 उतार चढवला की वाट मोकळी होते.

गाढवीकाठ
रपट्याखाली पाणी दीड हात उंचीवरून पडतं. डोह आधी की रपटा?

करंजसावली
रपटा आधी. नदीतून मासा वर आलाच नाही तर डोहात राहणार कोण? ग्रामसभेत ठराव घ्या : जून-जुलैमध्ये या उतारावर जाळं किंवा सापळा लावायचा नाही.