केंटच्या किनाऱ्याजवळ पडलेलं जर्मन बॉम्बर: माग कसा काढू? (सल्ला हवा)

खाडीकर:
नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम रॅम्सगेट, केंट. इथल्या धक्क्यावरचे एक वयस्कर मच्छीमार सांगतात, की १९४०च्या उन्हाळ्यात गुडविन सँड्सच्या (किनाऱ्यासमोरच्या समुद्रातले वाळूचे पट्टे) बाजूला एक जर्मन बॉम्बर समुद्रात कोसळलं आणि त्यांच्या वडिलांनी ते डोळ्यांनी पाहिलं. हाइंकेल होतं की डॉर्नियर, ते त्यांना ठाऊक नाही. विमान कुठल्या तुकडीचं आणि आतल्या माणसांचं काय झालं, एवढं शोधायचंय. जर्मन जेमतेम, बजेट बेताचं. स्कूबा येतं, तर थेट बुडी मारूनच बघावं का?

दफ्तरी_काका:
बुडी सगळ्यात शेवटी. आधी तारीख मिळवा. ‘१९४०चा उन्हाळा’ म्हणजे त्या भागात रोज काही ना काही पडत होतं.

तारखेसाठी माझी पहिली पसंती बचावनौकांच्या नोंदींना. रॅम्सगेट, मार्गेट, वॉल्मर, तिन्ही ठिकाणी लाइफबोट होत्या. विमान पडल्याची खबर आली की बोट निघायची, आणि हात हलवत परतली तरी फेरीची नोंद व्हायची. (३ सप्टेंबर १९४० ला मार्गेटच्या बोटीनेच होरपळलेल्या ब्रिटिश लढाऊ वैमानिकाला, रिचर्ड हिलरीला, पाण्यातून काढलं होतं.) मेडस्टोनच्या केंट हिस्टरी अँड लायब्ररी सेंटरमध्येही चौकशी करा. जुनी वर्तमानपत्रं चाळताना गावाच्या नावाने शोधू नका. सेन्सॉरमुळे ‘आग्नेय किनाऱ्यावरचं एक गाव’ एवढंच छापलेलं असायचं.

मग लंडनमधल्या क्यूचं नॅशनल आर्काइव्हज, म्हणजे सरकारी दफ्तरखाना. ‘एअर २७’ म्हणजे स्क्वाड्रनांच्या रोजनिशा, ‘एअर ५०’ म्हणजे वैमानिकांचे चकमकीचे अहवाल. पण ‘मी पाडलं’ या दाव्यावर एकदम विसंबू नका. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात साठेक होती. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या की तिघेही ते आपल्या खाती धरणार.

ऱ्हाइनकाठची:
काकांना +१, पण खरी चावी जर्मन कागदांत आहे. लुफ्तवाफेच्या (जर्मन हवाईदल) क्वार्टरमास्टर जनरलकडे नुकसानीच्या याद्या जमा व्हायच्या. त्यात तारीख, तुकडी, ठिकाण, विमानाचा प्रकार, कारखान्याने विमानाला दिलेला क्रमांक, चालकदलाची नावं आणि नुकसानीची टक्केवारी असते. १०० टक्के म्हणजे विमान गेलंच. सगळं रकान्यांत असल्याने तुमचं जेमतेम जर्मन पुरेल. लष्करी कागदपत्रं फ्रायबुर्गला बुंडेसआर्काइव्हमध्ये (जर्मन सरकारी दफ्तरखाना) आहेत. सैनिकांच्या वैयक्तिक नोंदींचं बर्लिनचं जुनं कार्यालयही २०१९ पासून बुंडेसआर्काइव्हमध्येच विलीन झालंय.

एक खाचखळगा: १९४०च्या त्या उन्हाळ्यात जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळाच्या एक तास पुढे होतं. इंग्लंडात दुपारी साडेबाराला पडलेलं विमान जर्मन कागदावर दीडला पडतं. हा हिशेब न केल्याने एकाच विमानाची दोन झालेली मी पाहिली आहेत.

आणि माणसं शोधताना फक्त केंटमधली दफनभूमी बघू नका. हॉकिंजला जर्मन वैमानिकांच्या कबरी आहेत, बरेच जण नंतर मध्य इंग्लंडातल्या कॅनक चेसच्या दफनभूमीत हलवले गेले. पण समुद्रात पडलेल्यांचे देह कित्येक आठवड्यांनी फ्रान्स-हॉलंडच्या किनाऱ्यालाही लागत. फोल्क्सबुंडच्या (जर्मन युद्धकबरींची देखभाल करणारी संस्था) संकेतस्थळावर कबर शोधता येते. गावाने नको, नावाने शोधा.

बुडबुडा:
मी त्याच पट्ट्यात डायव्हिंग करतो म्हणून सांगतो. ब्रिटिश पाण्यातलं कुठलंही लष्करी विमान, जर्मन असलं तरी, १९८६च्या मिलिटरी रिमेन्स कायद्याने आपोआप संरक्षित आहे. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कुठे तुकडा सापडून वर आणलाच तर २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ला, म्हणजे बुडालेल्या अवशेषांची नोंद घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. शिवाय गुडविनची वाळू सरकती. आज उघडं पडलेलं पुढच्या हंगामात गडप.

डॉर्नियर डीओ १७ चंच उदाहरण घ्या. २६ ऑगस्ट १९४० ला पडलेलं विमान २००८ मध्ये सापडलं. पोटावर नव्हे, पाठीवर पडलेलं होतं. सोनारने पाहणी झाली आणि १० जून २०१३ ला ते वर काढलं. मग कॉसफर्डच्या आरएएफ (ब्रिटिश हवाईदल) म्युझियममध्ये सायट्रिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाची फवारणी करत बसले, कारण खाऱ्या पाण्यातून हवेत आलेलं अॅल्युमिनियम भराभर सडतं. एवढा पसारा सरकारी संग्रहालयालाच झेपतो.

खाडीकर:
सगळ्यांचे आभार, बुडी रद्द. त्या मच्छीमार आजोबांना पुन्हा खोदून विचारलं. विमान थोडा वेळ तरंगलं, दोघं रबरी होडीत उतरले आणि त्यांना पकडून आणलं, असं वडील सांगायचे म्हणे. याचा काही उपयोग?

दफ्तरी_काका:
अहो, हे आधी सांगायचं! जिवंत पकडले म्हणजे चौकशी झालीच. हवाईदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे कैद्यांच्या जबान्यांवरचे अहवाल ‘एअर ४०’ मध्ये बघा. त्यात तुकडी, तळ, कामगिरी आणि विमानावरची अक्षरंही येतात. अक्षरं मिळाली की ताईंनी सांगितलेल्या यादीशी ताडा. विमानाच्या अंगावरच्या क्रॉसच्या डावीकडची दोन अक्षरं मोठ्या तुकडीची (५के म्हणजे केजी ३ ही बॉम्बर तुकडी), उजवीकडचं शेवटचं अक्षर स्टाफेलचं, म्हणजे तिच्यातल्या छोट्या तुकडीचं.

क्यूला जाताना ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे न्या, वाचक-कार्ड त्यावरच मिळतं. कागद आदल्या आठवड्यातच ऑनलाइन मागवून ठेवा. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या.