सहावीच्या गणितासाठी कामापुरतं स्पॅनिश

ह्यूस्टनची_बाई
सहावीला गणित शिकवते. यंदा होंडुरास, ग्वाटेमाला, व्हेनेझुएलाहून नुकतीच आलेली मुलं वर्गात आहेत. होंडुरासची एक मुलगी भागाकार झटक्यात करते, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल खाली ठेवते आणि वही मिटून घेते. गणित येतं तिला, इंग्रजी अडतं. इंग्रजी शिकवणाऱ्या बाई माझ्या तासाला नसतात. ॲपवर "मुलगा सफरचंद खातो" चाललंय, त्याचा वर्गात काय उपयोग? सुरुवात कशाने करू?

जर्सीसिटीकर
ताई, ॲप बाजूला ठेवा आणि वर्गात रोज लागणारं आधी घ्या. मीरा (बघ), एस्कुचा (ऐक), एस्क्रीबे (लिही). मग सूमा, रेस्ता, मुल्तिप्लिका, दिवीदे. उच्चाराचं टेन्शन नको, त-द आपल्या मराठीसारखेच दंत्य आहेत. एकच सांगतो, "एन्तिएन्देस?" म्हणजे "समजलं का?" विचारू नका. मुलं हो म्हणून मोकळी होतात. "एन्सेन्यामे कोमो लो इसिस्ते", कसं केलंस ते दाखव, असं म्हणा. चूक कुठे झाली ते कागदावरच दिसतं.

सॅनहोजेची_मावशी
शब्दांइतकंच आकड्यांकडे लक्ष द्या. व्हेनेझुएलात दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब. मुलाने 3,5 लिहिलं तर ते साडेतीन. मेक्सिकोत मात्र इथल्यासारखं टिंबच. भागाकारातही काही देशांत भाजक उजवीकडे लिहितात आणि वजाबाकी मनातच करतात, कागदावर फक्त बाकी उतरते. "पायऱ्या दाखवल्या नाहीत" म्हणून कृपा करून मार्क कापू नका, फार जिव्हारी लागतं पोरांना. आणि "बियोन" म्हणजे इथलं बिलियन नव्हे, एकावर बारा शून्यं.
ग्वाटेमालाच्या मुलांची घरची भाषा कोणती, तेही विचारून घ्या. माम किंवा किचे असू शकते, म्हणजे स्पॅनिशही त्यांची शिकलेलीच भाषा.

जर्सीसिटीकर
हे मलाही नवीन. पालकसभेचं राहिलं: मुलालाच दुभाषा करून आईशी बोलू नका. स्वतःच्या नापास होण्याची बातमी पोराने स्वतःच का सांगावी? दुभाषा देणं शाळेचं काम आहे, ऑफिसकडे हक्काने मागा. मुलांच्या बाबतीत तर 1974 च्या लाऊ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की, न कळणाऱ्या भाषेत नुसतं वर्गात बसवणं म्हणजे समान शिक्षण नव्हे.

ह्यूस्टनची_बाई
मनापासून आभार. आज त्या मुलीला "एन्सेन्यामे" म्हटलं. तिने वही माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवून एकेक पायरी स्पॅनिशमध्ये सांगत गेली. अर्धंच कळलं, पण रीत बरोबर होती. आता पुढे अपूर्णांक आहेत. छेद, अंश, समच्छेद करणे, हे वर्गात कसं म्हणतात ते कुणी लिहाल का? सोमवारच्या आत मिळालं तर फळ्यावर दोन्ही भाषांत लावते.